इंजिन निवडता निवडता गेलेले नऊ महिने

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: पत्रलेखक २७ वर्षांचे असून मूळचे सांगली जिल्ह्यातले आहेत. गेली चार वर्षे ते हिंजवडीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचे काम करतात आणि पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा त्यांना कामापुरती येते. शिवकाळातल्या एका जासुदावर मराठी गेम करायचा, तो थ्रीडी आणि खुल्या जगाचा, म्हणजे खेळणाऱ्याला हवे तिथे हिंडता येईल असा असावा आणि तो एकट्याने करावा, असे त्यांच्या मनात आहे. नऊ महिन्यांत त्यांनी युनिटी, अनरिअल आणि गोडो ही तिन्ही इंजिने, म्हणजे गेम बांधण्याची तयार सॉफ्टवेअर, उतरवून घेतली, तिन्हींचे शिकवणीचे व्हिडिओ अर्ध्यापर्यंत पाहिले, पण गेमला हात लावला नाही. एक मित्र म्हणतो, चित्रे अनरिअलसारखी कुठेच दिसत नाहीत. दुसरा म्हणतो, नोकऱ्या युनिटीत आहेत. ऑफिसमधला सहकारी म्हणतो, गोडो फुकट आहे, बाकी सगळे कधी ना कधी पैसे मागतील. त्यांच्या लॅपटॉपला ८ जीबी रॅम आहे आणि वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. दीड लाखाचा नवा लॅपटॉप हप्त्यांवर घ्यावा का आणि नोकरी सोडून वर्षभर हेच करावे का, असेही त्यांनी विचारले आहे. वडील विचारतात, ‘यातून होणार काय?’ पत्राचे शेवटचे वाक्य असे आहे: ‘इंजिन चुकले तर दोन वर्षे पाण्यात जातील, म्हणून पाऊल उचलत नाही.’

नमस्कार,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात मला त्यात तीन इंजिनांची तुलना दिसली. दुसऱ्या वाचनात लक्षात आले, की इंजिनांवर तुम्ही अडीच पाने लिहिली आहेत आणि गेमवर एकच वाक्य: ‘एक जासूद असतो आणि तो या किल्ल्यावरून त्या किल्ल्यावर खलिते पोहोचवतो.’ तो पळतो की लपतो, खेळणाऱ्याच्या बोटांना नेमके काय काम आहे, जासूद पकडला गेला तर पुन्हा सुरुवात कुठून करायची, एक डाव किती मिनिटांत संपतो, यांपैकी काहीच पत्रात नाही. हे मी दोष काढण्यासाठी सांगत नाही. इंजिनांची तुलना करणे हे कामच असे आहे, की ते करत असताना आपण गेमच करत आहोत असे मनापासून वाटत राहते. मीही त्यात एक अख्खा पावसाळा घालवला आहे.

तुम्हाला एका शब्दात उत्तर हवे असेल तर ते आधीच देते: गोडो. तुमचा लॅपटॉप, तुम्हाला येणारे पायथन, गेममधला मराठी मजकूर आणि एकट्याने काम करण्याचा तुमचा बेत या चारही गोष्टी पाहता माझा कौल त्याच बाजूने पडतो. पण एवढे वाचून लगेच उठू नका. ज्या समजुतींमुळे तुमचे नऊ महिने गेले, त्या जागच्या जागी राहिल्या तर गोडो उघडूनही पुढचे नऊ महिने तसेच जातील.

पहिली समजूत अशी, की इंजिन चुकू शकते आणि ते चुकले की सगळे बुडते. एकट्यादुकट्याने किंवा चार-दोन जणांनी केलेले, नावाजलेले गेम कशात बनले ते पाहा. २०१५ चा ‘अंडरटेल’ गेममेकरमध्ये झाला. २०१६ चा ‘स्टारड्यू व्हॅली’ एरिक बॅरोन यांनी चारएक वर्षे एकट्याने खपून, मायक्रोसॉफ्टने मध्येच सोडून दिलेल्या एक्सएनए या साधनात लिहिला. २०१७ चा ‘हॉलो नाइट’ युनिटीतला आहे, तर २०२४ चा ‘बालात्रो’ लव्ह नावाच्या लहानशा साधनात, लुआ भाषेत लिहिलेला आहे. ‘व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स’ आधी ब्राउझरसाठीच्या फेझर या जावास्क्रिप्ट साधनात होता आणि तो भरपूर लोकप्रिय झाल्यानंतर युनिटीत नव्याने बांधला गेला. या पाच गेमांना पाच वेगवेगळी साधने होती, आणि त्यांतली एक-दोन तर आज कुणी सुचवणारही नाही.

यापेक्षाही तुमच्या भीतीला थेट भिडणारे उदाहरण ‘स्ले द स्पायर’चे आहे. त्याचा पहिला भाग जावा भाषेतल्या लिबजीडीएक्स या साधनावर होता. दुसऱ्या भागाचे काम युनिटीत सुरू होऊन दोन वर्षे उलटली होती, तेव्हा २०२३ मध्ये युनिटीच्या परवान्यावरून वाद पेटला आणि त्या चमूने चालू काम गोडोवर हलवले. तुमच्या हिशेबाने त्यांची दोन वर्षे पाण्यात जायला हवी होती. ती गेली नाहीत, कारण पत्त्यांचे नियम, शत्रूंचे वागणे, चित्रे, आवाज आणि काय मजेदार आहे व काय कंटाळवाणे आहे याची झालेली पारख यांतले काहीच युनिटीच्या मालकीचे नव्हते. कोड पुन्हा लिहावा लागला, त्याला कष्ट पडले असणार, पण गेम काय आहे हे पुन्हा शोधावे लागले नाही.

शिकलेले किती बरोबर येते, त्याचा एक छोटा नमुना सांगते. समजा, तुमचा जासूद प्रत्येक फ्रेमला, म्हणजे पडद्यावरचे चित्र नव्याने उमटेल तेव्हा दर वेळी, ५ पिक्सेल पुढे सरकतो असे तुम्ही लिहिले. तुमच्या लॅपटॉपवर सेकंदाला ६० फ्रेम चालत असतील तर तो सेकंदात ३०० पिक्सेल धावेल. तोच गेम एखाद्या जुन्या फोनवर ३० फ्रेमने चालला तर तो १५० पिक्सेलच धावेल, आणि गस्तीच्या हातून सुटणे त्या फोनवर अशक्य होऊन बसेल. म्हणून सेकंदाला किती सरकायचे तो वेग ठरवून, मागच्या फ्रेमपासून किती वेळ गेला त्या आकड्याने तो गुणायचा असतो. या आकड्याला सगळे डेल्टा म्हणतात. गोडो तो तुमच्या फंक्शनच्या हाती देतो, युनिटीत तो टाइम डॉट डेल्टाटाइम म्हणून मागायचा असतो, अनरिअलमध्ये तो टिक या दर फ्रेमला चालणाऱ्या फंक्शनबरोबर येतो. ही गोष्ट एकदा अंगात मुरली की तिन्हीकडे चालते. टक्कर कशी ओळखायची, शत्रूच्या ‘गस्त, संशय, पाठलाग’ अशा अवस्था कशा मांडायच्या, कॅमेरा नायकाच्या किंचित मागून कसा न्यायचा, हेही तसेच. तुम्ही ज्याला इंजिन शिकणे म्हणता, त्यातला बराच मोठा भाग गेम करायला शिकण्याचा आहे आणि तो कुठूनही सुरू होतो.

दुसरी समजूत तुमच्या ‘दोन वर्षे’ या शब्दांत दडली आहे. पहिलाच गेम दोन वर्षांचा असेल हे कुणी ठरवले? तुमचा मित्र अनरिअलबद्दल बोलतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर कदाचित ‘राजी’ असेल. तो पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला, २०२० मध्ये आलेला आणि अनरिअलमध्ये बांधलेला गेम आहे. तो आपल्या माणसांनी केला याचा मला अभिमान आहे. पण ते एका चमूचे अनेक वर्षांचे काम होते. त्यात मॉडेल घडवणारे, हालचाली रचणारे, संगीत करणारे वेगवेगळे लोक होते, आणि त्यांनी आधी या धंद्यात वर्षे काढली होती. ‘राजी’ पाहून अनरिअल निवडणे म्हणजे एखाद्याचा वाडा आवडला म्हणून त्याच्याच गवंड्याची थापी विकत घेण्यासारखे आहे.

तुमचा जासूद मला आवडला, हे मोकळेपणाने सांगते. तलवार न चालवणारा, ज्याचे शौर्य पोहोचण्यात आहे असा नायक दुर्मीळ आहे. म्हणूनच तो खुल्या जगाच्या ओझ्याखाली दडपून जाऊ नये असे मला वाटते. त्याला एक रात्र, एक घाट आणि एक खलिता द्या. पडदा एकच, वरून दिसणारा, टूडी. खाली घाटाचा पायथा, वर किल्ल्याचा दरवाजा, मध्ये तीन पहारेकरी ठरावीक वाटेने फिरणारे, हातात पेटती मशाल घेतलेले. मशालीच्या उजेडात जासूद आला की डाव संपला. तांबडे फुटण्याआधी दरवाजा गाठला की जिंकला. एक डाव चार मिनिटांचा. यात उड्या नाहीत, लढाई नाही, घोडा नाही. घोडा घालण्याचा मोह फार होईल, पण तूर्त तो तबेल्यातच राहू द्या.

हे आधी कागदावर करून पाहा. चौकटीच्या वहीच्या पानावर घाट काढा, जासुदासाठी एक शर्टाचे बटण आणि पहारेकऱ्यांसाठी तीन हरभरे घ्या, पहारेकरी प्रत्येक खेपेला दोन घरे चालतील असा नियम लावा आणि घरातल्या कुणाला तरी बटण हलवायला सांगा. अर्ध्या तासात कळेल, की तीन पहारेकरी पुरतात की पाच लागतात, आणि वाट नुसतीच सरळ असेल तर खेळणारा कंटाळतो. हे इंजिनाशिवाय कळते, आणि ते कळलेले नसेल तर कोणतेही इंजिन ते तुम्हाला सांगणार नाही.

आता त्या गोष्टीकडे येते, जिचा उल्लेख तुमच्या तिन्ही सल्लागारांपैकी एकानेही केलेला नाही आणि जी तुमच्या निवडीत सगळ्यात आधी यायला हवी: मराठी मजकूर.

काही वर्षांपूर्वी मी लहान मुलांसाठी शब्दवाचनाचा एक गेम करत होते. इंजिन कोणते ते इथे महत्त्वाचे नाही. ते त्या काळी चांगलेच मानले जात होते. माझ्या संगणकावर अक्षरे लिहिताना ती ठीक दिसत होती आणि गेममध्ये ती कशी उमटतात हे मी घाईत नीट पाहिले नाही. शाळेत दुसरीच्या वर्गात गेम दाखवला तेव्हा ‘सूर्य’ हा शब्द आला, आणि पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारले, ‘ताई, या र-चा पाय कुणी मोडला?’ रफार वर चढायच्या ऐवजी पाय मोडलेला र आणि त्याच्या शेजारी पूर्ण य असे ते सुटे सुटे उमटले होते. ‘किती’ची पहिली वेलांटी क-च्या आधी येण्याऐवजी नंतर आली होती. वाचायला शिकवणाऱ्या गेममध्ये ही चूक होती. मग मी १४० शब्दांची चित्रे करून ती मजकुराच्या जागी लावली, आणि एक शब्द बदलायचा म्हटले तरी नवे चित्र, असे ते काम तीन महिने पुरले.

याचे कारण समजून घ्या, म्हणजे इंजिन तपासताना उपयोग होईल. रोमन लिपीत एका अक्षरामागे एक ठसा ठेवत गेले की ओळ तयार होते. देवनागरीत तसे होत नाही. आपण ‘कि’ टंकतो तेव्हा साठवणीत क आधी असतो आणि वेलांटी नंतर, पण दिसताना वेलांटी आधी यावी लागते. जोडाक्षरात अक्षरे एकमेकांत मिसळतात. रफार उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो. ही जुळणी करणारा वेगळा भाग लागतो. हार्फबझ नावाचे मुक्त सॉफ्टवेअर हे काम क्रोम, फायरफॉक्स आणि अँड्रॉइडमध्ये करते. गोडोच्या तिसऱ्या आवृत्तीत ही सोय नव्हती. मार्च २०२३ मध्ये आलेल्या गोडो ४ मध्ये हार्फबझसह नवी मजकूर-व्यवस्था आली आणि देवनागरी नीट उमटू लागली. म्हणून व्हिडिओ पाहताना तो गोडो ३ चा आहे की ४ चा, हे आधी बघा. अनरिअलमध्येही ही जुळणी होते. युनिटीत मात्र सर्रास वापरली जाणारी टेक्स्टमेशप्रो ही व्यवस्था देवनागरीची जुळणी स्वतःहून करत नाही. त्यावर लोकांनी काढलेले तोडगे आहेत आणि युनिटी ६ च्या यूआय टूलकिट या पडद्यावरची बटणे-मजकूर मांडण्याच्या व्यवस्थेत प्रगत मजकूर-जुळणीही आली आहे, पण ती शोधून, सुरू करून, पारखून घ्यावी लागते. पहिल्या गेममध्ये हा डोंगर चढण्याची गरज नाही.

प्रत्येक इंजिनात पहिल्याच दिवशी हे वाक्य पडद्यावर आणा: ‘किल्ल्याच्या पायऱ्यांवर शत्रूची गस्त आहे, सूर्योदयापूर्वी खलिता पोहोचला पाहिजे.’ यात पहिली वेलांटी आहे, ल-ला ल आणि पुन्हा य जोडलेला आहे, ‘शत्रू’तला त्र आहे, रफार दोनदा आहे आणि ‘पायऱ्यां’तला तो अर्धचंद्रासारखा र आहे, ज्याची हिंदीला गरज पडत नाही आणि म्हणून हिंदीवर तपासलेल्या सोयीही जिथे अडखळू शकतात. हे वाक्य नीट उमटले तर तुमचा बहुतेक मजकूर उमटेल.

फॉन्ट मात्र गेमच्या फोल्डरमध्ये स्वतः ठेवा. गोडोमध्ये फॉन्ट न देताही तुमच्या संगणकावर मराठी दिसेल, कारण तो विंडोजमधला फॉन्ट उसना घेतो. पण तोच गेम ब्राउझरसाठी काढला की उसना फॉन्ट मिळत नाही आणि अक्षरांच्या जागी चौकोन येतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने केलेले ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ हे फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत आणि पडद्यावर छान वाचता येतात. आणखी एक बारीक गोष्ट: काही फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे असे सांगितल्यावरच ते समोर येतात. गोडोच्या लेबलला भाषा सांगण्याची सोय आहे. ती वापरा. खेळणाऱ्याच्या ते लक्षात येणार नाही, पण पडद्यावरची मराठी त्याला घरची वाटेल.

परवाना आणि पैसे यांबद्दल तुमच्या सहकाऱ्याने घातलेली भीती निराधार नाही, पण ती तुमच्यापासून बरीच लांब आहे. १२ सप्टेंबर २०२३ रोजी युनिटीने जाहीर केले, की १ जानेवारी २०२४ पासून ठरावीक मर्यादेपलीकडे गेम जितक्यांदा इन्स्टॉल होईल त्यानुसार शुल्क घेतले जाईल. जगभरातले लहान गेमकर्ते खवळले, कंपनीने दहा दिवसांत अटी सौम्य केल्या आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ते शुल्क रद्दच केले. आज युनिटीची पर्सनल आवृत्ती वर्षाला २ लाख डॉलरपर्यंत उत्पन्न किंवा निधी असेल तोवर फुकट आहे. अनरिअलमध्ये एका गेमचे एकूण उत्पन्न १० लाख डॉलर ओलांडेल तेव्हा त्यावरच्या रकमेवर ५ टक्के द्यावे लागतात. गोडोची गोष्ट वेगळी आहे. अर्जेंटिनातल्या हुआन लिनिएत्स्की आणि एरियल मान्सूर यांनी तो घडवला आणि २०१४ मध्ये एमआयटी या, कुणालाही फुकट वापरू देणाऱ्या परवान्याखाली खुला केला. तुम्ही उतरवून घेतलेल्या आवृत्तीच्या अटी उद्या कुणी बदलू शकत नाही. मला हे फार मोलाचे वाटते. तरीही केवळ याच कारणावर पहिल्या गेमचे इंजिन निवडू नका, कारण तुम्हाला या वर्षी अडवणार आहे तो परवाना नव्हे, तर तुमचा अपुरा राहिलेला घाट.

लॅपटॉप घेऊ नका. अनरिअलसाठी ते बनवणारी एपिक ही कंपनी स्वतः ३२ जीबी रॅमची शिफारस करते, म्हणून तो खर्च आवश्यक वाटू लागला आहे. गोडो इन्स्टॉलही करावा लागत नाही. फाइल उघडायची आणि काम सुरू. नवा प्रकल्प काढताना रेंडररच्या, म्हणजे चित्र पडद्यावर उमटवणाऱ्या भागाच्या, जागी ‘कम्पॅटिबिलिटी’ निवडा, म्हणजे तुमच्या आताच्या लॅपटॉपवर हा टूडी घाट आरामात चालेल. त्याचा दुसरा फायदा असा, की तुमच्या यंत्रावर जे चालते ते गावाकडच्या साध्या फोनवरही चालण्याची शक्यता वाढते, आणि मराठी गेम खेळणारे लोक तिथेच आहेत.

नोकरीही आत्ता सोडू नका. ज्याने अजून एकही गेम पूर्ण केलेला नाही त्याला पूर्ण वेळ मिळाला, तर तो वेळ पुन्हा तुलनेतच जाण्याचा धोका आहे. आठवड्याला सहा तास धरा, दोन संध्याकाळी आणि शनिवारची सकाळ. आपले नेमणूकपत्र मात्र काढून वाचा. नोकरीबाहेर केलेल्या कामाची मालकी आणि दुसरे उत्पन्न यांबद्दल त्यात अट असू शकते. असेल तर विकायला काढण्याआधी लेखी परवानगी मागा, आणि कंपनीच्या लॅपटॉपवर या गेमची एक ओळही लिहू नका.

युनिटीतल्या नोकऱ्यांबद्दल तुमचा मित्र खरे बोलतो. भारतातल्या मोबाइल गेमच्या कंपन्यांत युनिटी आणि त्यात वापरली जाणारी सी शार्प ही भाषा यांना मागणी आहे. पण तुम्हाला गेमच्या कंपनीत नोकरी हवी आहे का, हे पत्रात कुठेच नाही. हवी असेल तर तसे स्वतःशी स्पष्ट म्हणा आणि युनिटी घ्या. तो पूर्णपणे योग्य निर्णय असेल, फक्त मजकुराची अडचण आधीच सोडवून ठेवा. जासूद हवा असेल तर गोडो घ्या. दोन्ही हवे असतील तर आधी जासूद करा, कारण मुलाखतीत पूर्ण झालेला एक छोटा गेम दाखवता येणे हे अर्धवट पाहिलेल्या व्हिडिओंपेक्षा केव्हाही वजनदार ठरते.

माझ्या शब्दावर विसंबून राहावे असे वाटत नसेल तर दोन शनिवार-रविवार खर्च करा. पहिल्यात गोडो, दुसऱ्यात युनिटी. दोन्हीकडे तेच करायचे: एक चौकोन चारी दिशांना फिरतो, दुसरा चौकोन ठरलेल्या वाटेने येजा करतो, दोघे भिडले की ‘पकडला गेलास’ असे मराठीत दिसते आणि डाव पुन्हा सुरू होतो, वर दिलेले परीक्षेचे वाक्य कोपऱ्यात असते, आणि रविवारी संध्याकाळपर्यंत हे सगळे तुमच्या नव्हे, दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर चाललेले असते. हा शेवटचा भाग टाळू नका. गेम इंजिनाच्या खिडकीत चालणे आणि बाहेर दुसऱ्याच्या हातात चालणे यांत जी दरी आहे ती पहिल्याच आठवड्यात ओलांडलेली बरी. कुठे अडलात आणि अडल्यावर उत्तर किती वेळात सापडले हे वहीत टिपा. तुम्ही टेस्टर आहात. पायऱ्या, अपेक्षित निकाल, प्रत्यक्ष निकाल असे लिहिण्याची सवय तुमच्या हाताला आहे, आणि नवशिक्या गेमकर्त्यांमध्ये ती फार कमी दिसते. रविवारी रात्री जे इंजिन पुन्हा उघडावेसे वाटेल ते घ्या आणि घाट पूर्ण होईपर्यंत दुसऱ्याचे व्हिडिओ बंद ठेवा.

हे वाचणाऱ्या इतरांपैकी ज्यांचा गेम मुख्यतः वाचण्याचा आहे, संवाद आणि निवडींचा आहे, त्यांनी या तिन्हींच्या मागे लागू नये. ट्वाइन या साधनात लिहिलेली गोष्ट ब्राउझरमध्ये उघडते आणि तिथे देवनागरीचा प्रश्नच येत नाही. ज्यांना कोड लिहिण्याची धास्ती आहे त्यांनी गेममेकर पाहावा; नोव्हेंबर २०२३ पासून तो विक्रीसाठी नसलेल्या कामाला फुकट आहे. ज्यांच्या घरी दणकट यंत्र आहे आणि ज्यांना थ्रीडी दृश्येच घडवायची आहेत, त्यांना अनरिअलची ब्लूप्रिंट ही, कोड लिहिण्याऐवजी चौकटी एकमेकींना जोडत जाण्याची पद्धत आवडेल. शाळकरी मुलांच्या पालकांनीही पत्रे पाठवली आहेत. त्यांना एवढेच सांगते, की स्क्रॅच या मुलांसाठीच्या, ठोकळे जोडून प्रोग्राम करण्याच्या साधनापासून सुरुवात करण्यात काहीही कमीपणा नाही.

पुन्हा तुमच्याकडे वळते. गोडोतली जीडीस्क्रिप्ट ही भाषा पायथनच्या वळणाची आहे, तुम्हाला चार दिवसांत वाचता येईल. सुरुवातीला चित्रे काढत बसू नका. केनी या नावाने नेदरलँड्सहून मिळणारी चित्रे कोणत्याही अटीविना वापरता येतात, ती लावा आणि जासुदाचा पागोटे घातलेला चेहरा नंतर काढा. कामाची प्रत गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात ठेवा. गोडोच्या दृश्यांच्या फाइल साध्या मजकुराच्या असल्यामुळे काल काय बदलले ते वाचता येते. घाट पूर्ण झाला की आधी इच डॉट आयओ या छोट्या गेमांच्या संकेतस्थळावर ठेवा, तिथे पैसे लागत नाहीत. स्टीम या संगणकावरच्या गेमांच्या दुकानात प्रत्येक गेममागे १०० डॉलर भरावे लागतात, प्ले स्टोअरवर खात्यासाठी एकदाच २५. प्ले स्टोअरवर नव्या वैयक्तिक खात्याला गेम सर्वांसाठी खुला करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते, तेव्हा ती बारा माणसे आत्तापासून जमवायला लागा. सांगलीतले चुलतभाऊ, ऑफिसमधले टेस्टर, खालच्या मजल्यावरची कॉलेजची मुले, कुणीही चालेल.

आणि त्यांतला पहिला माणूस तुमचे वडील असू द्या. ‘यातून होणार काय?’ या प्रश्नाचे उत्तर बोलून देण्याचा प्रयत्न तुम्ही पत्रानुसार तीनदा केला आहे. चौथ्यांदा बोलू नका. दोन चौकोनांचा का होईना, घाट ज्या दिवशी फोनवर चालेल त्या दिवशी फोन त्यांच्या हातात द्या आणि शेजारी बसा. कसे खेळायचे ते सांगू नका, बोट दाखवू नका, ‘तिकडे नाही, इकडे’ म्हणू नका. हे पहिल्या वेळी फार जड जाते. त्यांचा अंगठा कुठे थांबतो, कोणता शब्द ते दोनदा वाचतात, पहारेकऱ्याने धरल्यावर ते फोन परत देतात की आपणहून पुन्हा सुरू करतात, एवढेच पाहा आणि ते झोपायला गेल्यावर वहीत लिहून ठेवा.